अठरा मिलिमीटरचं तोंड

पाणीपुरी तोंडात जाईना, तेव्हा मी पुरीला दोष दिला. हुबळीत नवनगरच्या बसस्टॉपजवळ गाडीवर उभा होतो, बरोबर बसू होता. बसू म्हणजे बसवराज, माझ्याच कारखान्यातला, माझ्याच वयाचा. त्याच्या सहा पुऱ्या संपल्या तरी मी पहिलीशीच झटत होतो. पुरी दातांवर आपटून फुटली आणि सगळं पाणी शर्टावर आलं. मी गाडीवाल्याला म्हटलं, "अण्णा, पुऱ्या मोठ्या करायला लागलास की." तो म्हणाला, "पुरी तीच आहे. चार वर्षं तूच खायलास." बसू हसला, मीही हसलो. त्यानंतर मी पाणीपुरी सोडून मसाला पुरी खायला लागलो, कारण ती चमच्यानं खाता येते.

हे लिहायचं कारण एवढंच, की अशीच काहीतरी समजूत आज कुणीतरी स्वतःची घालत असणार. मी डॉक्टर नाही. रोगाची लांबलचक नावं माझ्याकडं मागू नका, मला ती उच्चारताना अजून त्रास होतो. माझं वय चोवीस. तारिहाळच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रावरून आलेला तुकडा मोजायचा आणि केसाइतका फरक असला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड बंद होत आलं होतं आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उष्णता

पुडी सुरू झाली डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी. एक पुडी पानमसाल्याची, म्हणजे रंगीत सुपारीची, एक तंबाखूची. दोन्ही एकत्र करून हलवायची आणि डाव्या गालात सोडायची. पहिल्यांदा घाम फुटला, चक्कर आली. दुसऱ्यांदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा बरं वाटलं. कारखान्यात लागलो तोवर दिवसाला आठ-दहा झाल्या होत्या. मी जात्याच बडबड्या, पण तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. आमचे साहेब त्यामुळं मला शिस्तीचा मुलगा समजायचे.

मग तिखट सोसेना. शेंगदाण्याची चटणी नुसती जिभेला लागली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आई म्हणाली, उष्णता झालीय. झालं, सब्जा सुरू, ताक सुरू, सकाळी उपाशीपोटी गुलकंद. मी तिखट सोडलं तर घरात कौतुक. धारवाडच्या एका लग्नात आत्या माझं ताट बघून म्हणाली, "पोरगं किती सात्त्विक झालंय बघा." मी मान खाली घालून दहीभात खाल्ला. खिशात त्या वेळी दोन पुड्या होत्या.

जांभई अर्ध्यात अडकायची. शिट्टी वाजवायला गेलो तर नुसती हवा. भाकरीचा तुकडा बारीक करून घालायची इतकी सवय झाली की आपण बारीक करतोय हेही लक्षात येईना. हे सगळं मला वेगवेगळं दिसत होतं. जांभई वेगळी, शिट्टी वेगळी, पुरी वेगळी.

बसूची तीन बोटं

एक दिवस कॅन्टीनमध्ये जेवताना बसू माझ्याकडं बघत बसला. म्हणाला, "विनू, तू चिमणीसारखं का खायलास? तोंड उघड बघू." मी उघडलं. त्यानं स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून आपल्या तोंडात उभी घातली, आरामात गेली. मग म्हणाला, "आता तू." माझी दोनसुद्धा जाईनात. बसू पुडी खात नव्हता असं नाही. खात होता, पण माझ्या निम्म्यानं. त्या दिवशी त्यानं खिशातली पुडी टेबलाखालच्या डब्यात टाकली आणि हात धुवून आला.

जेवण झाल्यावर मी तपासणीच्या खोलीत गेलो. तिथं कुणी नव्हतं. व्हर्नियर म्हणजे आमची मोजपट्टी, दोन जबड्यांची. ती स्पिरिटनं पुसली, आरशासमोर उभा राहिलो आणि वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत माप घेतलं. अठरा मिलिमीटर. कारखान्याचं साधन तोंडात घालणं हा गुन्हाच, पण साहेबांनी हे वाचलं तर माफ करावं. मी तीनदा मोजलं, कारण आम्हाला तसं शिकवलंय. तिन्ही वेळा अठराच आलं. नंतर बसूला बोलावून त्याचं मोजलं, ते पंचेचाळीस होतं.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी घाबरलो तसा आजवर कधी घाबरलो नव्हतो.

बायि तगी

अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून अक्काला फोन केला. अक्का माझी थोरली बहीण, धारवाडात सासरी असते. तिला गौरी नावाची चार वर्षांची मुलगी आहे. गौरीला शेजारणीकडं ठेवून अक्का माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली. वाटेत बसमध्ये तिनं माझ्या शर्टाचा खिसा तपासला.

डॉक्टरीणबाई वयानं अक्काएवढ्याच. खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर आणला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "बायि तगी." तोंड उघड.

मी म्हटलं, "तगदेनी." उघडलंय.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "इष्टना?" एवढंच? मग हातमोज्यातलं बोट माझ्या गालाच्या आत फिरवलं. मला म्हणाल्या, तूच लाव बोट. मी लावलं. गालाच्या आत मऊ काही नव्हतंच. शिळ्या भाकरीसारखं कडक, आणि मध्ये दोऱ्या ताणल्यासारख्या उभ्या शिरा. चोवीस वर्षांचा मी, आणि माझा गाल म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

एका जागी पांढरा डाग होता. तिथला कणभर तुकडा काढून तपासायला पाठवायचा ठरला, उत्तर आठ दिवसांनी. निघताना बाई म्हणाल्या, "पुडी, तंबाखू, अडकी, सगळं आजपासून बंद." अडकी म्हणजे सुपारी. मी मान डोलावली. आता पुढची सगळी गोष्ट या एका शब्दापाशी अडकली आहे, म्हणून आधी आमच्या घराविषयी सांगतो.

आमची सुपारी

अप्पांचं हुबळीच्या बाजारात पूजेच्या सामानाचं दुकान आहे. कापूर, कुंकू, वाती, खारीक, खोबरं आणि सुपारी. पणजोबा मिरजेकडून आले तेव्हापासून सुपारी आहेच. आमच्यात लग्न ठरलं की सुपारी फुटते आणि गणपती घरात नसला तर सुपारीचाच गणपती करून पुजतात. पुडीची माळ मात्र अप्पांनी दुकानात कधी टांगली नाही. चार पैसे जास्त मिळतात म्हणून शेजारच्यानं टांगली, तर अप्पा त्याच्याशी बोलेनासे झाले.

जेवण झालं की अप्पा भिंतीला टेकून बसायचे आणि अडकित्ता काढायचे. कट्, कट्, कट्. इतकी बारीक कातरायचे की फुंकर मारली तर उडावी. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्यापुढं तळहात पसरत आलोय. ते चिमूटभर ठेवायचे आणि म्हणायचे, "चाव की सावकाश, पचन होतंय." आमच्या घरात प्रेम असं तळहातावर मिळायचं. पप्पी, मिठी असलं काही आमच्याकडं नाही.

तर डॉक्टरीणबाईंनी अडकी म्हटलं, तेव्हा मी समजलो पुडीतली अडकी. ती भेसळीची, रंग लावलेली. आमच्या घरची सुपारी त्यांच्या मनात असेल असं मला वाटलंसुद्धा नाही. मला काय, अक्कालाही वाटलं नाही.

आठ दिवस

त्या संध्याकाळी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "तंबाखू? आपल्या घरात?" एवढंच. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढलं की उठून जायचे. आई मध्ये सापडली. तिनं घरातलं सगळ्यांचंच तिखट बंद केलं आणि रोज पातळ वरण, मऊ भात. माझ्यामुळं अप्पाही तेच खात होते आणि मला ते बघवत नव्हतं.

पुडी सोडल्यावर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. डोकं ठणकायचं. हात कापायचे. कामात एकदा चांगला तुकडा मी नापास केला. बसूनं गुपचूप तो परत मोजून घेतला. बाथरूममध्ये जाऊन मी रडलो, नळ सोडून. मरणाची भीती वाटत होती आणि मरणाआधी पुडी हवी होती. दोन्ही एकदम वाटू शकतं.

आठव्या दिवशी उत्तर आलं. कॅन्सर नाही. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून अक्का ओक्साबोक्शी रडली, आणि रडून झाल्यावर माझ्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. "परत खाशील तर तंगडी तोडीन." मग आम्ही दोघांनी सुभाष रोडवर उसाचा रस प्यायला. मला स्ट्रॉ लागली, तिनंही स्ट्रॉनंच प्यायला.

घरी आल्यावर अप्पांनी बातमी ऐकली. जेवण झालं, अडकित्ता निघाला. सुपारी कातरून एका स्टीलच्या लहान डबीत भरली, वर थोडी बडीशेप घातली आणि डबी माझ्यापुढं सरकवली. "पुडीची आठवण झाली की ही खा. घरची आहे." आठ दिवसांनी ते माझ्याशी बोलले होते. मला इतकं भरून आलं की मी डबी लगेच खिशात घातली.

दर गुरुवारी

हॉस्पिटलाचं वेळापत्रक ठरून गेलं. दर गुरुवारी सकाळी गालाच्या आत सुया. उजवीकडं दोन, डावीकडं दोन. त्या दुखतात, उगाच दुखत नाहीत म्हणणार नाही. सुईच्या आधी नर्सबाई माझा खांदा दाबून धरायच्या आणि त्यांच्या घरच्या म्हशीची गोष्ट सांगायच्या. ती म्हैस पहिल्या गुरुवारी गाभण होती आणि मी बरा होईपर्यंत तिचं रेडकू चरायला जायला लागलं होतं.

घरी व्यायाम. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच वेळा. पहिल्या दिवशी दहा काड्या बसल्या. बसतील तशी एक-एक वाढवायची. अकरावी काडी घालताना जबड्यातून कळ यायची आणि लाळ गळायची. मी आरशासमोर बसायचो, आई पंचा घेऊन शेजारी. म्हणायची, "लहानपणी दात येताना असाच गळायचास, तेव्हा मी कौतुक केलं होतं, आता निस्तरायलेय."

मी स्वतःची प्लॅस्टिकची व्हर्नियर विकत घेतली आणि वहीत मापं लिहायला लागलो. अठरा. एकोणीस. एकवीस. मग वीस. मग परत एकोणीस. सातव्या गुरुवारी बाईंनी मोजलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खायलास का काही?"

मी छाती काढून सांगितलं, दोन महिने तंबाखूला हात लावलेला नाही. खरं होतं.

"अडकी?"

"घरची," मी म्हटलं आणि डबीसुद्धा काढून दाखवली.

बाईंनी डबी उघडली, बघितली, बंद केली. चिडल्या नाहीत. "मनीद आगली, अंगडीद आगली, बायिगेन गोत्त?" घरची असो नाहीतर दुकानची, तोंडाला काय कळतं? गाल कडक करते ती सुपारीच, त्या म्हणाल्या. तंबाखूनं कॅन्सरची भीती वाढते ती वेगळी, पण हे आवळणं सुपारीचं. मी म्हटलं, माझे अप्पा चाळीस वर्षं खातात, त्यांना काही नाही. त्या म्हणाल्या, "काहींना होत नाही. तुला झालंय."

बाहेर बाकावर एक मुलगी बसायची, कॉलेजात शिकणारी, आईबरोबर यायची. त्या दिवशी मी तिला विचारलं, तू काय खायचीस? तिनं शाळेच्या दारात मिळणाऱ्या गोड सुपारीच्या पाकिटाचं नाव घेतलं. तंबाखू तिनं कधी बघितलासुद्धा नव्हता. तिचं तोंड माझ्यापेक्षा कमी उघडत होतं, बोलताना ओठांवर हात धरत होती. मी डबी घेऊन बाहेरच्या कचराकुंडीपाशी गेलो, सुपारी ओतली आणि रिकामी डबी परत खिशात ठेवली. ती टाकवेना.

गणपती चावतो का

आता अप्पांना सांगायचं होतं, आणि हे पुडीपेक्षा अवघड होतं. पुडी माझा गुन्हा होता. सुपारी त्यांनी दिली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार? पण नाही सांगितलं तर रात्रीच्या जेवणानंतर परत तळहात पुढं करावा लागणार होता आणि माझं तोंड बंद होणार होतं. मी रिकामी डबी त्यांच्यापुढं ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

अप्पा म्हणाले, "सुपारीनं? अरे, गणपतीपुढं ठेवतो आपण सुपारी."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ठेवतो की. गणपती चावतो का?"

मला हसू आलं, पण अप्पा हसले नाहीत. "माझ्या वडिलांनी खाल्ली, मी खाल्ली. त्या बाईला काय माहीत?" उठून बाहेर गेले. त्या रात्री अडकित्ता निघाला नाही. आणि मला कुणी डबीही भरून दिली नाही.

पुढच्या गुरुवारी मी निघालो तर अप्पा पायांत चपला घालून दारात उभे. दुकान बंद ठेवून. सणावारीसुद्धा आमचं दुकान सकाळी बंद नसतं, उलट सणाला जास्त चालतं. हॉस्पिटलात ते बाकावर बसले. बाकावर सगळी माझ्या वयाची पोरं. एक जण पातळ पेज नळीनं पीत होता. ती मुलगी होती, तिची आई अप्पांशी बोलली. काय बोलली ते मी आत असल्यामुळं ऐकलं नाही. बाहेर आलो तेव्हा अप्पा मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि त्या मुलीकडं बघत होते.

परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून त्यांनी विचारलं, "तू सहा वर्षांचा होतास. तेव्हा मी दिली पहिली. त्यानं झालं का?"

मला खोटं बोलायचं होतं, पण बोललो नाही. म्हटलं, "थोडी गोडी तिथं लागली असेल, अप्पा. पण पुडी मी माझ्या हातानं फोडली. तुम्ही नाही."

त्यांनी मान हलवली. नवनगर आलं. उतरताना त्यांनी माझ्या हातातली औषधांची पिशवी घेतली.

एकतीस

त्याला आता वर्ष होत आलं. काल मोजलं तेव्हा एकतीस मिलिमीटर होतं. बाई म्हणाल्या, यापुढं फारसं वाढणार नाही. गेलं ते सगळं परत येत नाही. पाणीपुरी अजून फोडून खावी लागते. शिट्टी वाजते, पण सूर बेसूर. तिखट थोडं थोडं सोसतं. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे, आणि प्रत्येक वेळी आदल्या रात्री मी तीन-तीनदा माप घेतो. ते घेतच राहणार.

तुम्ही खात असाल तर मी उपदेश करणार नाही, मला कुणी केला असता तर मी त्याला पुडी दिली असती. फक्त आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटं घालून बघा. जात नसतील तर पुरीला दोष देऊ नका.

अप्पांनी दुकानातली सुपारी बंद केली नाही. पूजेला लागतेच. पण घरातला अडकित्ता फडताळात गेला. ते स्वतः दुकानात खातात हे मला माहीत होतं, त्यांच्या जिभेवरून कळायचं. मी बोललो नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, आणि मला माझी सात-आठ वर्षांची सोडताना काय झालं ते आठवत होतं.

गेल्या रविवारी अक्का आणि गौरी जेवायला आल्या होत्या. जेवणं झाली. गौरी अप्पांच्या समोर जाऊन बसली आणि तळहात पसरला. कुणी शिकवलं होतं कोण जाणे, कदाचित पूर्वी बघितलं असेल. "अज्जा, ते कट् कट् कर की."

अक्का उठायला लागली, आईनं तिला डोळ्यांनी थांबवलं. अप्पा बराच वेळ त्या लहान तळहाताकडं बघत राहिले. मग उठले, फडताळातून अडकित्ता काढला. आई म्हणाली, "अहो." अप्पा स्वयंपाकघरात गेले आणि सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी घेऊन आले. भिंतीला टेकून बसले. कट्, कट्, कट्. तितकंच बारीक, फुंकर मारली तर उडेल असं. आधी गौरीच्या हातावर ठेवलं, मग अक्काच्या, मग आईच्या.

मी तळहात पुढं केला. किती महिन्यांनी केला. त्यांनी खोबरं ठेवलं आणि म्हणाले, "चाव की सावकाश. दोन्ही बाजूंनी."

मी दोन्ही बाजूंनी चावलं. गिळेपर्यंत अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते. मग अडकित्त्यात उरलेली चिमूट त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकली.